गणितवेड्या मुलाचा घरचा अभ्यासक्रम : काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेकडून शेअर रिक्षा धरून एव्हरशाईन सिटीत शिरले, की फाटकांवर आणि विजेच्या खांबांवर लहान मुलांच्या अ‍ॅबॅकसच्या, वैदिक गणिताच्या आणि जलद आकडेमोडीच्या वर्गांच्या जाहिराती दृष्टीस पडतात. आणि ज्या घरात एखादे मूल आकड्यांशी खेळताना जेवणाचीही शुद्ध हरपते, त्या घरातील आईबाप या जाहिरातींपुढे काहीसे बावरून उभे राहतात. आमच्याच इमारतीतील एका कुटुंबात आठ वर्षांची अशी एक मुलगी आहे. तिला शाळेतून काढून घरीच शिकवावे असा विचार तिच्या आईवडिलांच्या मनात गेले वर्षभर घोळत असून, त्या विचारापायी त्यांनी देशोदेशींच्या गणिताच्या अभ्यासक्रमांची एक लांबलचक यादी तयार केली आहे. ती यादी घेऊन ते दोघे माझ्याकडे आले, तेव्हा दोन तासांच्या बोलण्यात मला असे आढळले, की त्यांची खरी अडचण पुस्तकांच्या निवडीची नव्हती; निवडीआधीच पक्के करून टाकलेल्या काही समजुतींची होती.

त्यांतली सर्वांत खोल रुजलेली समजूत ही, की गणिताची आवड म्हणजे आकडेमोडीचा वेग. चार अंकी बेरीज डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी करणारे मूल गणिती, आणि बोटे मोजत बसणारे मंद, असा हिशेब आपण फार सहज मांडतो. अ‍ॅबॅकसने एकाग्रतेची व तोंडी हिशेबाची सवय होते, हे मान्य करण्यास हरकत नाही. परंतु ती सवय म्हणजे गणिताचा अभ्यासक्रम नव्हे. ‘वैदिक गणित’ या नावाने जे शिकवले जाते, त्याचा उगम भारती कृष्ण तीर्थ यांच्या 1965 साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. त्यातील सोळा सूत्रे आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही वैदिक संहितेत सापडत नाहीत, आणि त्यातील युक्त्या उपयुक्त असल्या तरी त्या मुख्यतः हिशेबाच्याच युक्त्या आहेत. त्या का चालतात, असा प्रश्न मुलाने विचारला आणि शिकवणाऱ्याने तो टाळला नाही, तरच त्यांतून गणित सुरू होते.

या प्रश्नाचे मोल ज्यांनी आयुष्यभर जाणले असे एक गृहस्थ आपल्याच जिल्ह्यात जन्मले, ही गोष्ट पालघरवासीयांनाही फारशी ठाऊक नसते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 17 जानेवारी 1905 रोजी डहाणूस झाला. विरारच्या पुढे जाणाऱ्या लोकलचे शेवटचे स्थानक डहाणू रोड, ते हेच डहाणू. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. पुढे देवळालीस शाळामास्तरकी. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही, आणि तरीही 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या संशोधनाची ओळख जगाला करून दिली. त्यांचा 6174 हा स्थिरांक समजून घेण्यास वजाबाकीपलीकडे काहीही लागत नाही.

आईवडील यादी घेऊन आले त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलीच्या पाटीवर आम्ही या 6174चाच खेळ मांडला. पालघर जिल्हा ज्या वर्षी अस्तित्वात आला, ते वर्ष, म्हणजे 2014, हे आम्ही प्रारंभास घेतले. अंक उतरत्या क्रमाने लावून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने लावून होणारी संख्या वजा करावयाची, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करावयाचे. 4210 मधून 0124 गेले, 4086 राहिले. पुढे 8172, मग 7443, मग 3996, मग 6264, मग 4176. आणि सातव्या वजाबाकीस 6174. त्यानंतर कितीही वेळा वजाबाकी करा, 6174 जागचे हलत नाही. चारही अंक सारखेच नसतील, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथे पोहोचते, आणि आपल्या जिल्ह्याच्या जन्मवर्षाने नेमक्या सातही पायऱ्या घेतल्या, याचा त्या मुलीला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे. हातचा घेण्याची जी वजाबाकी शाळेच्या वहीत ती कंटाळून करीत असे, तीच तिने कोणीही न सांगता सात वेळा केली; दोनदा चुकली, तेव्हा उत्तर जुळेना म्हणून चूकही तिनेच शोधून काढली. आणि मग पाटी पुसता पुसता तिने विचारले, ‘‘काका, तीनच आकडे घेतले तर?’’ तीन अंकांचे उत्तर 495 येते. पण ते मी सांगितले नाही. ज्या अभ्यासक्रमात या ‘घेतले तर’ला जागा आहे, तो या मुलीस योग्य, आणि ज्यात नाही तो कितीही महाग असला तरी अयोग्य, हे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी समजूत परदेशी अभ्यासक्रमांविषयी. त्यांची निंदा करण्याचे कारण नाही. सिंगापूरने 1980च्या दशकात शाळांसाठी जी पुस्तके तयार केली, त्यांतील आधी प्रत्यक्ष वस्तू, मग चित्र आणि शेवटी चिन्ह हा क्रम लहान मुलांना मानवतो. अमेरिकेतील ‘बीस्ट अकॅडमी’ची चित्रकथांतून मांडलेली कोडी तर गणितवेड्या मुलास खरोखरच दमवतात, आणि अशा मुलास दमवणारे काही मिळणे आवश्यकच असते. परंतु ही पुस्तके मागवणाऱ्याने हेही ध्यानी घ्यावे, की अमेरिकन पुस्तकांत फूट, इंच, औंस आणि सेंट यांचा सुळसुळाट असतो. आपले लाख आणि कोटी त्यांत नाहीत, स्वल्पविरामही 1,00,000 असा न पडता 100,000 असा पडतो. आणि इंग्रजी वाचन कच्चे असलेल्या मुलाची गणिताची गती तेथे भाषेच्या उंबरठ्यावरच अडते. यांवर उपाय आहेत, पण ते घरच्यांनाच करावे लागतात.

भाषेचा हा प्रश्न आपल्या घरातही आहे. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर; लिहिताना मात्र 2 आधी आणि 5 नंतर. सबब पंचवीस ऐकून 52 लिहिणारे मूल अडाणी नसते, ते उच्चाराशी प्रामाणिक असते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाची जोड दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी नवे वाचन का सुचवले, याकडे त्या गदारोळात फार थोड्यांनी लक्ष दिले. जुन्या संख्यानामांवर माझे प्रेम आहे. पावकी, निमकी, दिडकी, औटकी या जुन्या पाढ्यांची उजळणी आजही मला अपूर्णांकांची सुंदर वाट वाटते. तरीही लहान मुलास घरी शिकवताना दोन्ही वाचने शेजारी शेजारी ठेवण्यात शहाणपण आहे. दहा दहा मण्यांचे दोन रंग आलटून पालटून ओवलेली शंभर मण्यांची गणितमाळ घरी करता येते, आणि ‘वीस पाच’चा अर्थ त्या माळेवर बोट ठेवताच कळतो.

तिसरी समजूत अशी, की हुशार मुलास वरच्या इयत्तेची पुस्तके भराभर संपवू द्यावीत. तिसरीतील मुलाने पाचवीचे पुस्तक संपवले, याने वडीलधाऱ्यांचे समाधान होते. परंतु वरवर संपवलेला अपूर्णांक पुढे बीजगणितात व्याजासह वसूल होतो. अशा मुलास पुढे ढकलण्याऐवजी त्याच विषयात खोल उतरवावे. नारळीकरबाईंचे ‘गणितगप्पा’ थोड्या मोठ्या मुलांस याच कामी उपयोगी पडते.

कायद्याची धास्ती मात्र थोडक्यात निकालात काढता येते. 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा 6 ते 14 वयाच्या मुलास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानतो, तथापि तसे न करणाऱ्या पालकास शिक्षा देणारे कलम त्यात नाही. गृहशिक्षणास स्वतंत्र मान्यता देणारी तरतूदही नाही. उद्या परत शाळेत घालावेसे वाटले, तर त्याच कायद्याने वयानुरूप इयत्तेत प्रवेशाची तजवीज केली आहे. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे आणि बाहेरून परीक्षेस बसण्यासाठी सतरा नंबरचा अर्जही आहे. दाखल्याचे महत्त्व कमी लेखू नये. मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर घरी शिकली, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली आणि 2016 साली अमेरिकेतील एमआयटीने तिला प्रवेश दिला. पण बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंदच होते. ही दोन्ही वाक्ये पालकांनी एकत्रच वाचावीत.

राहता राहिली आईची भीती : ‘‘मला स्वतःलाच गणित येत नव्हते, मी काय शिकवणार?’’ या वयात शिकवणाऱ्यास फार गणित यावे लागत नाही. ‘मलाही ठाऊक नाही, चल, करून पाहू’ एवढे निःसंकोच म्हणता यावे लागते. कणा म्हणून बालभारतीचे त्या त्या इयत्तेचे पुस्तक घ्यावे; ते संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. कोड्यांचे एक कठीण पुस्तक जोडीस असावे. त्या दांपत्यास मी जे सांगितले, तेच वाचकांसही विनवितो : कोणताही संच मागवण्यापूर्वी आठ दिवस एक वही जवळ ठेवा, मूल संख्यांविषयी जे जे विचारील ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्या, आणि ती वही वाचून झाल्यावरच पुस्तक निवडा.