भूकंप नेमका कुठे झाला?

कोयना खोऱ्यात जमीन हादरली की काही वेळातच बातमी येते. केंद्र अमुक गावाजवळ, खोली पाच किलोमीटर. यातले गावाचे नाव बऱ्यापैकी भरवशाचे असते. खोलीचा आकडा मात्र भूकंपशास्त्रज्ञही जपूनच वापरतात.

शाळेतली पद्धत सोपी आहे. प्राथमिक लहरी खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावतात, दुय्यम लहरी साडेतीन. दोन्हींच्या येण्यात एका सेकंदाचा फरक पडला, तर भूकंप सुमारे आठ किलोमीटर दूर. अशी तीन भूकंपमापक यंत्रांभोवती तीन वर्तुळे काढली की जागा सापडते. ती एकाच बिंदूत छेदतात ती पाठ्यपुस्तकात!

जर्मनीतल्या लुडविग गायगर यांनी १९१०च्या सुमारास वेगळी वाट काढली. जागा आणि वेळ आधी अंदाजाने धरायची, लहरी प्रत्येक यंत्रावर कधी पोहोचायला हव्यात ते काढायचे, प्रत्यक्ष वेळांशी ताडून बघायचे आणि अंदाज सुधारत राहायचे. संगणक आल्यावर हीच पद्धत जगभर रुळली. तिचे दुखणे खोलीचे. भूकंप थोडा खोल, पण थोडा आधी झाला असे मानले, तरी दूरच्या यंत्रावरच्या वेळा जवळपास त्याच येतात. हा घोळ गणिताने सुटत नाही. यंत्र जवळपास भूकंपाच्या डोक्यावरच हवे.

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा जवळची यंत्रे मोजकीच होती. त्याची जागा नंतरही पुन्हा पुन्हा तपासली गेली आणि दोनाचीवाड्याच्या परिसरात जमिनीला पडलेल्या भेगा हा त्यात मोठा पुरावा ठरला.

२००० साली वाल्डहाउझर आणि एल्सवर्थ या भूकंपशास्त्रज्ञांनी शेजारशेजारच्या भूकंपांची तुलना करणारी पद्धत मांडली. दोन्ही भूकंपांच्या लहरी एकाच यंत्राकडे जवळपास एकाच वाटेने येतात, म्हणून वाटेतल्या खडकाबद्दलची चूक वजा होते. कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड प्रस्तरभंगावर ही पद्धत लावली, तेव्हा विखुरलेले ठिपके सरळ रेघांत बसले. अडचण एवढीच की, दिंडीत कोण कोणाच्या पुढे ते अचूक कळते, पण दिंडी सासवडला आहे की जेजुरीला, ते तितके पक्के कळत नाही.

भूकंपाची जागा पक्की करायला खडकातला लहरींचा खरा वेग माहीत हवा. कोयनेत वरचा सुमारे एक किलोमीटर थरांथरांचा बेसॉल्ट आहे आणि भूकंप होतात त्याखालच्या ग्रॅनाइटी खडकात. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने काही भूकंपमापक विंधनविवरांतून थेट बेसॉल्टखाली उतरवले. २०१७ साली गोठणे येथे तीन किलोमीटर खोल चाचणी विवरही पूर्ण झाले. आता तिथल्या खडकाचे गुणधर्म अंदाजाने धरण्याऐवजी विवरात उतरवलेल्या उपकरणांनी मोजता येतात.