मालमोटार चालकांस खोदाई यंत्राचे शिक्षण

शेततळे खोदणे, नाला खोल करणे, तलावातील गाळ काढणे ही कामे पूर्वी कुदळ, फावडे आणि घमेल्याने होत असत. आज ती बहुतांशी यंत्राने होतात. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आणि २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना सुरू झाल्यावर तर खोदाईची यंत्रे गावोगावी पोहोचली. जेसीबी आणि पोकलेन ही मुळात कंपन्यांची नावे. परंतु आपल्याकडे चाकांच्या यंत्रास जेसीबी व साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रास पोकलेन असेच म्हटले जाते.

ही यंत्रे चालविणाऱ्यांत मालमोटारीवर अनेक वर्षे काढलेली मंडळी आढळतात. दूरच्या फेऱ्यांना कंटाळून, घरच्या शेतीजवळ राहावे या हेतूने ती गावी परततात. अशा अनुभवी माणसाने हे काम जरूर शिकावे. मात्र ते नव्याने शिकावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका शेततळ्याचे उदाहरण देतो. चालक अठरा वर्षे मालमोटारीवर काम केलेला, निर्व्यसनी आणि कष्टाळू होता. ओळखीच्या माणसाशेजारी आठ दिवस बसून तो यंत्र शिकला होता. त्याने तळ्याच्या बाजू जवळजवळ उभ्या खोदल्या आणि निघालेली माती अगदी काठावर रचली. जूनमधील पहिल्याच मोठ्या पावसात एक बाजू बांधासह तळ्यात कोसळली. शेतकऱ्याचे पैसे गेले व वर्षाचे पाणीही गेले. त्या चालकास उताराविषयी कोणीच शिकविले नव्हते, आणि आखणी करून दिल्यावर दुसऱ्या दिवशी मीही कामावर फिरकलो नव्हतो. दोष दोघांचाही होता.

जुन्या अनुभवाचा उपयोग

मालमोटार चालकाजवळ काही गुण आधीच असतात. इंजिनाचा आवाज बदलला की तो ओळखतो. सकाळी तेल, पाणी व टायर पाहिल्याशिवाय तो निघत नाही. डंपरमध्ये माती कोठे पडली म्हणजे भार समतोल राहील, हे त्यास सांगावे लागत नाही. झोप अनावर झाल्यास काय घडते हेही तो जाणतो. एप्रिल-मे महिन्यांत पावसापूर्वी काम उरकण्यासाठी रात्रंदिवस यंत्र चालविण्याचा आग्रह होतो, तेव्हा ही जाणीव मोलाची ठरते.

नव्याने शिकावयाच्या गोष्टी

मालमोटारीचे काम रस्त्यावरून पुढे जाण्याचे. खोदाई यंत्राचे काम एका जागी स्थिर उभे राहून माती हलविण्याचे. येथे पायापेक्षा दोन्ही हातांचे काम अधिक असते. लिव्हरची रचनाही सर्व यंत्रांत सारखी नसते. एका यंत्रात डाव्या हाताने होणारी क्रिया दुसऱ्यात उजव्या हाताने होते. म्हणून नवे यंत्र हाती येताच मोकळ्या जागेत प्रत्येक लिव्हर सावकाश हलवून पाहावा.

पोकलेनची केबिन पूर्ण मागे फिरविली असता चालविण्याची दिशा उलट होते. चालक लिव्हर पुढे ढकलतो आणि यंत्र त्याच्या पाठीमागे जाऊ लागते. खड्ड्याच्या काठावर ही चूक प्राणघातक ठरते. यासाठी पट्टा फिरविणारे दातेरी चाक कोणत्या बाजूस आहे, हे यंत्र हलविण्यापूर्वी पाहावे. काठाशी काम करताना ते चाक मागे, म्हणजे काठापासून दूरच्या बाजूस, असावे आणि पट्टे काठाशी काटकोनात ठेवावेत. मग जमीन खचू लागल्यास यंत्र सरळ मागे घेता येते. यंत्र ज्या जमिनीवर उभे आहे, तिच्या खालची माती कधीही पोखरू नये.

यंत्रातील तेलाचा दाब फार मोठा असतो. नळीला बारीक छिद्र पडल्यास तेथून निघणारी धार कातडी भेदून शरीरात शिरते. गळती हाताने चाचपू नये; पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. काम थांबविताना बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे.

शिवारातील विजेच्या तारांपासून यंत्राचा हात निदान तीन मीटर दूर राहिला पाहिजे. ते शक्य नसेल तर वीज कार्यालयाकडून प्रवाह बंद करून घ्यावा. तारेस स्पर्श झालाच, तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे व इतरांनी जवळ जाऊ नये. आग लागल्यासच बाहेर पडावे, आणि तेव्हा यंत्र व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न होऊ देता दोन्ही पाय जोडून दूर उडी घ्यावी.

मातीचे ज्ञान

चालकास माती कळली पाहिजे. वरचा सुपीक थर प्रथम वेगळा काढून बाजूस ठेवावा. तो मुरुमाखाली गाडला गेल्यास पुन्हा मिळत नाही. निघालेली माती काठापासून निदान एक मीटर सोडून टाकावी.

बाजूंचा उतार कमी केल्यास पाणी कमी मावते, असे शेतकरी म्हणतात. ते खरे आहे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्याच्या बाजू एकास एक उताराच्या ठेवल्या तर २,१९६ घनमीटर खोदाई होते. एकास दीड उतार ठेवल्यास ती १,९७१ घनमीटर होते. म्हणजे २२५ घनमीटर, अर्थात सव्वादोन लाख लिटर पाणी कमी साठते. परंतु भेगाळणाऱ्या काळ्या मातीत बाजू उभी ठेवली तर ती ढासळून तळे गाळाने भरते. माती पाहूनच उतार ठरवावा, आणि लाकडी त्रिकोणी साचा लावून चालकाने तो वारंवार तपासावा.

शिक्षण व परवाना

या व्यवसायाची कौशल्य-मानके इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल ही संस्था ठरविते. प्रशिक्षण घेताना त्या मानकांप्रमाणे परीक्षा व प्रमाणपत्र मिळते काय, तसेच प्रत्यक्ष यंत्रावर किती तास बसावयास मिळेल, हे आधी विचारावे. मालमोटारीचा परवाना आहे म्हणून कोणतेही यंत्र रस्त्यावर नेता येईल, असे गृहीत धरू नये. परिवहन कार्यालयात चौकशी करून परवान्यावर आवश्यक ती नोंद करून घ्यावी.

हे काम विश्रांतीचे नाही. यंत्राच्या हादऱ्यांनी कंबर दुखते आणि पावसाळ्यात शेतातील खोदाई थांबते. तेव्हा घरच्या शेतीची जोड देऊनच या व्यवसायाचा विचार करावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती अशी की, काम सुरू होण्यापूर्वी चालकासह जागेवर जावे, आखणी व उतार त्यास समजावून द्यावा आणि काम चालू असताना पुन्हा एकदा पाहणी करावी. शेतकरी बंधूंनीही तासाचा दर विचारताना, चालक कोठे शिकला हे विचारावे. यंत्राचे भाडे एकदा द्यावे लागते. वाईट खोदाईची किंमत दर उन्हाळ्यात मोजावी लागते.