मत एका दिवसाचे, महागाई रोजची

(एका सामान्य मतदाराचे मनोगत)

दिवाळी जवळ आली की घरोघर एक सभा भरते. तिला अध्यक्ष नसतो, ध्वनिक्षेपक नसतो आणि हारतुरे तर नसतातच. वाणसामानाची यादी हा तिच्यापुढचा एकमेव विषय. हरभऱ्याची डाळ किती, तेल किती, साखर किती, सुके खोबरे यंदा घ्यायचे की नुसते त्याचे नाव काढायचे, यावर चर्चा होते. उपसूचना येतात. अखेर काटछाटीचा ठराव एकमताने संमत होतो आणि अनारसे 'मागच्या वर्षी कुठे कोणी खाल्ले' या सबबीवर यादीतून बाद होतात. इतकी खरी अर्थसंकल्पी बैठक विधानभवनातही भरत नसेल. कारण सरकारला तूट दाखवून चालते, कर्ज काढून भागते, गृहिणीला तशी मुभा नाही.

या सभेत कोणीतरी हटकून म्हणतेच, "मत देऊन काय उपयोग? कोणीही आला तरी भाव वाढायचे ते वाढतातच!" हे वाक्य चाळीत ऐकू येते, लिफ्टच्या इमारतीतही ऐकू येते आणि सकाळच्या लोकलमध्ये तर त्यावाचून गाडी स्टेशन सोडत नाही. ते इतक्या वेळा उच्चारले जाते की ते खरे आहे की नाही, हे पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. ती तपासणी एकदा शांतपणे करून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आकडा उतरतो, भाव उतरत नाही

आधी महागाई म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. वर्तमानपत्रात 'महागाईचा दर घटला' असा मथळा येतो आणि गृहिणी तो वाचून हसते. तिचे हसणे रास्त आहे, पण मथळाही खोटा नाही. दर घटला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. भाव चढण्याचा वेग मंदावला, एवढेच. जिना चढणारा माणूस दमून सावकाश चढू लागला, म्हणजे तो खाली उतरला असे होत नाही.

या जिन्याचा साधा हिशेब आहे. ७२ ला महागाईच्या दराने भागावे. तितक्या वर्षांत भाव दुप्पट होतात. दर ६ टक्के असेल तर १२ वर्षांत, ४ टक्के असेल तर १८ वर्षांत. रिझर्व्ह बँकेसाठी कायद्याने महागाईचे लक्ष्य ठरवण्याची पद्धत २०१६ साली सुरू झाली, तेव्हा ते ४ टक्के ठरले. दोन टक्के इकडे किंवा तिकडे चालतील अशी सवलतही ठेवली. म्हणजे सारे काही सुरळीत चालले तरी आज जन्मलेले मूल मतदार होईल तेव्हा त्याच्या घरचा वाण्याचा हिशेब दुप्पट झालेला असणार. सरकारी नोकराला त्यासाठी महागाई भत्ता मिळतो. खासगी कचेरीतला कारकून, दुकानातला विक्रेता, व्याजावर घर चालवणारे वृद्ध जोडपे, यांना तो कोण देणार?

आणि सगळीच महागाई मतपेटीतून निघत नाही, हेही मान्य केले पाहिजे. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, सूर्यफुलाच्या तेलाची वाट अडली. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली आणि आपल्या कढईतले तेल तापण्याआधी डोके तापले. त्या दोन्ही ठिकाणी आपले मत चालत नाही. तेव्हा 'मी आलो की स्वस्ताई आणतो' असे सांगणारा उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या बोलण्यातून निम्मे आधीच वजा करावे.

लाटण्याची ताकद

मग उरलेल्या निम्म्याचे काय? त्यासाठी पन्नास वर्षे मागे जाऊ.

१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी मिळू लागली; ती ज्यांनी खाल्ली त्यांना तिची चव आजही विसरता आलेली नाही. पुढच्याच वर्षी अखेरीस अरबी देशांनी तेलाचे दर वाढवले. १९७४-७५ साली घाऊक भाव सरासरीने वर्षभरात पाव हिश्शाने चढले. शंभराची वस्तू सव्वाशेला! त्या काळात मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. धान्य, साखर, तेल, रॉकेल हे त्यांचे विषय. थाळ्या वाजल्या, लाटणी उगारली गेली, मंत्र्यांना जाब विचारला गेला. ज्या बायकांनी आयुष्यात कधी सभेला पाऊल टाकले नव्हते, त्या आमटीला फोडणी देऊन मोर्चाला निघाल्या.

यात मृणालताईंची गोष्ट फार बोलकी आहे. त्या १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून आल्या त्या गोरेगावातून. तिथल्या पाण्यासाठी त्या इतक्या झगडल्या की लोकांनी त्यांचे नावच 'पाणीवाली बाई' ठेवले. आणीबाणीत त्या तुरुंगात गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या, तेव्हा मुंबईकरांनी घोषणा केली, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!' तो निकाल आणीबाणीविरुद्धचा होता, नुसता महागाईविरुद्धचा नव्हे. पण मते मागायला आलेली बाई मतदारांच्या परिचयाची होती ती नळावरून आणि रेशनच्या रांगेवरून, हे विसरून चालणार नाही. अहिल्याबाईही त्याच वर्षी मुंबईतूनच लोकसभेत गेल्या. लाटण्याने भाव उतरले की नाहीत याचा वाद अर्थशास्त्रज्ञांनी घालावा. लाटणे उगारणाऱ्या हाताला दिल्लीचा दरवाजा उघडला, हे मात्र खरे.

कांद्याची दोन टोके

महागाई आणि मतदान यांची सांगड कांद्याने जितकी घातली तितकी कोणी घातली नसेल. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव हा प्रचाराचा मुद्दा झाला आणि सरकार बदलले. १९९८ च्या दिवाळीत कांदा किलोला ४०-५० रुपयांवर गेला आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीतला सत्तारूढ पक्ष पडला. शहरातल्या माणसाला या गोष्टी सांगताना गुदगुल्या होतात. पाहा, आमच्या मताला किंमत आहे!

पण या कांद्याला दुसरेही टोक आहे आणि ते आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. शहरात भाव चढू नये हा हेतू. शहराला बरे वाटले. लासलगावच्या बाजारात मात्र लिलावातले भाव कोसळले. बंदी उठली ती मे २०२४ च्या सुरुवातीला, मतदानाच्या तोंडावर. त्या निवडणुकीत कांदापट्ट्यातल्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रातल्या राज्यमंत्री पराभूत झाल्या. कारणे आणखीही असतील, पण कांदा त्यांत नव्हता असे नाशिककर म्हणणार नाही.

म्हणजे एकाच कांद्यासाठी शहरातला मतदार रडतो तो महाग झाला म्हणून, आणि खेड्यातला मतदार रडतो तो स्वस्त झाला म्हणून. मग मधला पैसा जातो कुठे? रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासात २०२४ साली असे आढळले की ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे ३६ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात. बाकीचे ६४ पैसे अडत, वाहतूक, साठवण, नासाडी आणि मधल्या हातांचा नफा यांत जातात. आपण मत मागणाऱ्याला 'कांदा स्वस्त करा' असे सांगतो, तेव्हा तो सगळ्यांत सोपा उपाय करतो: शेतकऱ्याचे ३६ पैसे कापतो. 'त्या ६४ पैशांचा हिशेब द्या' असे आपण सांगू तेव्हा त्याला खरे काम करावे लागेल. चाळी कुठे बांधल्या, रस्ते कुठे केले, बाजार समितीत काय सुधारणा केली, हे प्रश्न दिसायला रूक्ष आहेत, पण स्वस्ताईचा उगम तिथे आहे.

निवडणुकीचे पंचांग

भाव आणि निवडणूक यांचे नाते आणखी एका पंचांगात दिसते. मार्च २०२३ मध्ये मुंबईत घरगुती गॅसचा सिलिंडर अकराशे रुपयांच्या वर गेला. ऑगस्टमध्ये तो २०० रुपयांनी उतरला, ८ मार्च २०२४ रोजी आणखी १०० रुपयांनी. १५ मार्चपासून पेट्रोल आणि डिझेल लिटरमागे दोन रुपयांनी उतरले आणि १६ मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर लहान गाड्यांचा पथकर माफ झाला आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली! एप्रिल २०२५ मध्ये, निवडणुका आटोपल्यावर, सिलिंडर पुन्हा ५० रुपयांनी चढला.

कोणत्याही पक्षाचे सरकार असते तरी पंचांग फारसे निराळे झाले नसते. पण यातून निराश होण्याऐवजी एक धडा घ्यावा. सरकारला मतदाराची भीती वाटते हे यावरून सिद्ध होते. मात्र ती दीड-दोन महिनेच वाटते. प्रश्न मताला किंमत आहे की नाही हा नसून ती पाच वर्षे कशी टिकवायची हा आहे.

बसचे तिकीट आणि रिकामे सभागृह

मत नसले तर काय होते, याचे उदाहरण मुंबईकराच्या खिशातच आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक लांबत गेली. आरक्षण, प्रभागरचना, न्यायालय असे करता करता जानेवारी २०२६ उजाडला. तोवर कारभार प्रशासकाकडे होता. याच काळात, ९ मे २०२५ पासून, 'बेस्ट'च्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. भाडेवाढ गरजेची होती की नव्हती, हा वेगळा वाद. तोट्यातली बससेवा फुकट चालत नाही हे आपणही जाणतो. पण ज्या दिवशी सामान्य प्रवाशाचे भाडे दुप्पट झाले त्या दिवशी, 'का?' असे उभे राहून विचारायला पालिकेच्या सभागृहात लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता. मत देऊन काय उपयोग, असे म्हणणाऱ्याने हे तिकीट जपून ठेवावे. मत न देता काय होते, त्याची ती पावती आहे.

यादीतले नाव

आता थोडे आपल्याविषयी. २०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केले. कुलाब्यात त्याच वर्षी विधानसभेला ४५ टक्केही झाले नाही. आणि गडचिरोली-चिमूरमध्ये, जिथे अनेक केंद्रांवर नक्षलवाद्यांच्या भीतीने दुपारी तीनलाच मतदान आटोपावे लागले, तिथे ७० टक्क्यांच्या वर लोक आले. उन्हातान्हात मैलोगणती चालून ते आले. आपल्याला जोडून आलेली सुट्टी दिसली आणि आपण माथेरानला गेलो.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून गाळावी लागली होती. त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. त्यांना नाव सांगण्याची परवानगी नव्हती. आज आपल्या शिकल्यासवरल्या घरांतली नावे गळतात ती घर बदलल्यावर यादी पाहण्याचा कंटाळा केल्यामुळे. नवे नाव घालायला नमुना ६ आणि पत्ता बदलायला नमुना ८, एवढेच ते काम. रेशनकार्डासाठी आणि मुलाच्या शाळाप्रवेशासाठी याहून कितीतरी अधिक कागद आपण भरले आहेत.

मतदान झाले म्हणजे आपले काम संपले, असे मात्र नाही. वाण्याला आपण महिन्याला पैसे देतो, तेव्हा वही तपासतो. चार आण्यांचा फरक निघाला तरी विचारतो. नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला आपण पाच वर्षांची उधारी देतो आणि वही उघडत नाही. प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक चाळीने, प्रत्येक महिला मंडळाने वर्षातून दोनदा त्यांना बोलवावे. चहा द्यावा, फराळाचे ताटही द्यावे, पण हार घालू नये. हारामुळे प्रश्न विचारण्याचा संकोच होतो. पाणी किती वाढले, बस किती वाढल्या, मंडईत शेतकऱ्याला थेट विकायला जागा मिळाली का, पालिकेच्या दवाखान्यात औषध मिळते का, एवढेच विचारावे आणि उत्तर तारीख घालून लिहून ठेवावे. पुढच्या वेळी हात जोडून तो दारात येईल तेव्हा ती वही आपल्या हातात असली पाहिजे.

बोटावरची शाई काही आठवड्यांत पुसली जाते. वहीतली शाई पाच वर्षे टिकते.