आजोबांचा इटली स्टार



"बाबा कसे आहेत?" या प्रश्नाला गेलं वर्षभर माझं उत्तर ठरलेलं होतं, "आहेत, ठीक आहेत." खरं तर ठीक नव्हते. हृदयाचं पंपिंग २५ टक्क्यांवर आलेलं, पाणी दिवसाला दीड लिटर, मीठ जवळजवळ बंद. साताऱ्यात जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस इथे हॅमिल्टनला खिडकीपाशी बसून गप्प झाला होता.

मार्चमध्ये ताई आली ती गावच्या घरातला एक पत्र्याचा डबा घेऊन. आत आजोबांचं डिस्चार्ज बुक आणि पदकं. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून इटलीत लढले, एवढंच आम्हाला माहीत. परत येऊन शेती केली, लढाईबद्दल अवाक्षर काढलं नाही.

बाबांनी भिंग मागवलं. इटली स्टारच्या मागे आजोबांचा नंबर आणि नाव कोरलेलं होतं. शेजारच्या कीवी आजींना दाखवलं, तर त्या घरातून त्यांच्या वडिलांचा स्टार घेऊन आल्या. अगदी तसाच, पण मागे कोरा! भारतीय शिपायांच्या पदकांवर नाव कोरून देत, न्यूझीलंडने मात्र कोरीच वाटली. बाबा कित्येक महिन्यांनी हसले. म्हणाले, "बघ, आपल्या माणसाचं नाव तरी लिहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आवाज, "अरे, ते नेट लावून दे जरा."

न्यूझीलंडच्या सरकारी युद्धेतिहासाचे इटलीवरचे खंड नेटवर फुकट वाचायला मिळतात. बाबा वाचत आणि हॉस्पिटलच्या पत्रांच्या मागे नकाशे काढत. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर शेवटचा मोठा हल्ला झाला. नदी लहान, पण दोन्ही काठांना उंच बांध आणि त्या बांधांत जर्मन दबा धरून बसलेले. त्या संध्याकाळी आठवी भारतीय डिव्हिजन आणि न्यूझीलंडची दुसरी डिव्हिजन शेजारी शेजारी पुढे सरकल्या. म्हणजे आमचे आजोबा आणि शेजारच्या आजींचे वडील एकाच नदीवर!

त्याच दिवशी, आजोबांच्याच बटालियनमधला नामदेव जाधव हा नगर जिल्ह्यातला शिपाई दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे सुखरूप घेऊन आला. मग एकट्याने मशीनगनवर चालून गेला. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून बॉम्ब फेकले आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची आरोळी ठोकली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे सांगताना बाबांचा आवाज वर्गात लागायचा तसा लागतो.

रिपोर्ट मात्र तेच आहेत, पंपिंग २५ टक्केच. रोजच्या वजनाचा तक्ता मीच एक्सेलमध्ये भरतो, त्यामुळे मला फसवून घेता येत नाही. एकदा रात्री अकराला त्यांना स्क्रीनपुढे बघून मी चिडलो, "बाबा, झोपा आता, दमाल." ते म्हणाले, "विचारायला आमचे वडील समोर होते, तेव्हा मी विचारलं नाही. तू तसं करू नकोस. बस." मी बसलो. दीड वाजेपर्यंत.

२५ एप्रिलला अॅन्झॅक डे. पहाटेच्या काळोखात, कडाक्याच्या थंडीत वायकाटो नदीकाठच्या मेमोरियल पार्कमध्ये व्हीलचेअर नेली. वाडवडिलांची पदकं इथे छातीच्या उजव्या बाजूला लावतात. शेजारच्या आजींनीच बाबांच्या कोटाला पिन लावून दिली. बिगुल वाजल्यावर ते खुर्चीतून उठले. आजींचा हात धरून उभे राहिले, पूर्ण वेळ.

त्यानंतर दोन दिवस झोपून होते, खोटं कशाला सांगू? तिसऱ्या दिवशी विचारलं, "बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र कसं लिहायचं रे?" मसुदा तयार आहे. टायपिंग माझ्याकडे.

मंडळी, तुमच्याही गावी माळ्यावर असा एखादा डबा असेल. या सुट्टीत काढा. आणि ज्यांना विचारायचं ते अजून असतील, तर आजच फोन करा.