एका निनावी सुरावटीचा उगम

लोकसंगीतातील एखादी सुरावट मुळात कोणी रचली, या प्रश्नास बहुधा उत्तर मिळत नाही. ती एका वादकाकडून दुसऱ्याकडे केवळ कानांवाटे जाते आणि प्रत्येकाच्या हाती थोडीफार पालटते. तिला स्थिर रूप लाभते ते कोणीतरी ती कागदावर उतरवून घेतल्यानंतर. परंतु उतरवून घेणाऱ्याच्या लेखणीचाही ठसा तिच्यावर उमटतोच. आयर्लंडमधील ‘लंडनडेरी एअर’ या सुरावटीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

डब्लिन येथील पुराणवस्तुसंशोधक जॉर्ज पेट्री यांनी १८५५ साली आयर्लंडच्या प्राचीन संगीताचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात ही सुरावट प्रथम छापली गेली. लंडनडेरी परगण्यातील लिमाव्हॅडी या गावच्या जेन रॉस या विदुषीने ती टिपून पेट्रींकडे पाठविली होती. सुरावटीचे नाव उपलब्ध नसल्यामुळे ती निनावीच छापावी लागली व पुढे परगण्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्याच्याकडून ती मिळाली, त्या वादकाचे नावही संग्रहात नाही. स्थानिक परंपरेनुसार तो जिम मॅकरी नावाचा एक अंध फिडलवादक होता. फिडल म्हणजे लोकवादकांच्या हातचे व्हायोलिनच होय.

पुढील संग्राहकांनी त्या भागात शोध घेतला, तेव्हा ही सुरावट अन्य कोणाकडेही आढळेना. शिवाय परिचित आयरिश गीतांच्या छंदांत ती बसत नव्हती. साहजिकच, ती लोकपरंपरेतील नसून जेन रॉस यांनीच रचली असावी, असा संशय व्यक्त होऊ लागला. एका प्रामाणिक संग्राहिकेच्या सचोटीवरच हा आक्षेप होता.

१९३४ साली ॲन गिलख्रिस्ट या अभ्यासिकेने या कोड्याची एक उकल सुचविली. वादकाने काही स्वर भावनेच्या भरात लांबविले असावेत. त्यामुळे मुळात तीन मात्रांच्या तालातील सुरावट चार मात्रांची भासून तशीच लिहिली गेली असावी, असे तिचे प्रतिपादन होते. तीन मात्रांचा ताल परत दिला की ती आयरिश गीतांच्या छंदाशी जुळते.

या तर्कास १९७४ साली ह्यू शील्ड्स यांच्या संशोधनाने बळकटी आली. एडवर्ड बंटिंग यांनी १७९६ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात ‘तरुणाचे स्वप्न’ अशा अर्थाच्या आयरिश नावाची एक सुरावट आहे. तिचे व ‘लंडनडेरी एअर’चे नाते शील्ड्स यांनी दाखवून दिले. बंटिंग यांना ती डेनिस हेम्प्सन या अंध व वयोवृद्ध हार्पवादकाकडून मिळाली होती. हार्प हे अनेक तारा छेडून वाजवावयाचे वाद्य. विशेष हे की, हेम्प्सन राहत असे ते मॅगिलिगन हे ठिकाणही लंडनडेरी परगण्यातच, लिमाव्हॅडीच्या परिसरात आहे.

१९१३ साली फ्रेडरिक वेदरली या इंग्रज वकिलाचे ‘डॅनी बॉय’ हे गीत या सुरावटीवर प्रसिद्ध झाले आणि ती जगभर पोहोचली. वेदरलींचे शब्द मात्र मुळात १९१० साली, या सुरावटीचा संबंध येण्यापूर्वीच लिहिलेले होते.

तात्पर्य, या सुरावटीस एकच एक जनक नाही. हार्पच्या तारा, फिडलचा गज आणि जेन रॉस यांची लेखणी या साऱ्यांचा वाटा तिच्या घडणीत असावा. ताल टिपताना त्या लेखणीकडून कदाचित चूक झालीही असेल. पण ती लेखणी नसती, तर त्या फिडलवादकाबरोबरच सुरावटही काळाच्या उदरात गडप झाली असती.