संगणकापुढची बैठक

आमच्या अनेक वाचकांचा दिवस आज संगणकापुढे जातो. कार्यालयात, शाळेत आणि अलीकडे घरच्या जेवणाच्या टेबलावरही. मान आखडते, मनगट ठणकते, डोळे चुरचुरतात आणि आपण वयाला बोल लावतो. आमच्या मते दोष बहुधा वयाचा नसून बैठकीचा असतो.

हे दुखणे तसे जुनेच. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला. लेखनिकांच्या व्यथांची कारणे त्याने सांगितली ती अशी: सततचे बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरील ताण. पुढे १८५७ मध्ये व्होइचेख यास्त्रझेंबोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतील 'एर्गोन' म्हणजे कार्य आणि 'नोमोस' म्हणजे नियम या शब्दांवरून 'एर्गोनॉमिक्स' हे नाव घडविले. माणसाला कामाच्या साच्यात कोंबू नये, कामाची मांडणी माणसाच्या देहाला साजेशी करावी, हे आज या शास्त्राचे सूत्र आहे.

टंकलेखन यंत्राचे टेबल लेखनाच्या टेबलापेक्षा मुद्दाम बुटके असे. संगणक आला आणि तो थेट अडीच फुटी लेखनाच्या टेबलावर जाऊन बसला. परिणामी खांदे उचलले जातात व मनगटे वाकतात. कोपर काटकोनात राहून हात कळफलकावर सरळ टेकेल इतकी खुर्ची उंच करावी. पाय लोंबकळू लागले तर खाली पाट ठेवावा. तो घरोघरी असतो, त्यासाठी महागडी खुर्ची नको.

लॅपटॉपची अडचण निराळी. त्याचा पडदा आणि कळफलक एकत्र जखडलेले. हात सुखावले की मान वाकते आणि सुमारे पाच किलो वजनाचे डोके मानेच्या स्नायूंना पेलावे लागते. पडदा उचलावा तर हात अवघडतात. उपाय एकच: लॅपटॉपखाली जाड पुस्तके रचून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी आणि कळफलक व माऊस वेगळे जोडावेत. पडदा हातभर अंतरावर असावा, खिडकी बाजूला. द्विकेंद्री चष्मा वापरणाऱ्यांनी मात्र पडदा थोडा खालीच ठेवावा, नाहीतर हनुवटी वर करून वाचावे लागते.

एवढे करूनही तासन् तास स्तब्ध बसणे अपायकारकच. टंकलेखकाला निदान कागद बदलावा लागे, गाडी सरकवावी लागे. संगणक तेवढीही उसंत देत नाही. त्याकडे पाहताना पापण्यासुद्धा कमी लवतात. म्हणून दर वीस मिनिटांनी नजर दूरवर न्यावी आणि अर्ध्या तासाने उठावे, पाणी प्यायच्या निमित्ताने का होईना.

अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना रात्री मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातील अरुंद बोगद्यातून जाणारी नस दाबली जात असण्याचा संभव असतो. तिथे मलम चोळीत बसू नये. दुर्लक्ष झाल्यास अंगठ्याच्या बुडाचा स्नायू झिजतो; वेळीच डॉक्टरांना हात दाखवावा.