कोपऱ्यातली ट्रेडमिल

खडकवासल्यात व्यायामाचा श्रीगणेशा करणाऱ्याची पंचाईतच असते. एकीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. १९५५पासून इथे पिळदार शरीरं घडतायत. दुसरीकडे धरणाच्या चौपाटीवर भाजलेली कणसं आणि गरमागरम कांदाभजी. या दोहोंमधल्या जिममध्ये नव्वद किलोचा नवखा कोपऱ्यातली ट्रेडमिल पकडतो, टी-शर्ट पोटावरून खाली ओढतो. सगळे आपल्यालाच बघतायत!

बघत नसतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. खोलीतल्या निम्म्यांच्या तरी तो लक्षात आला असणार, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्शाला आठवला.

शिवाय शेजारच्या सडपातळ माणसाच्या आत काय दडलंय, कुणास ठाऊक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने दोघांचा फोटोच छापला.

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वजन उचलायची ताकद वाढते, ती दंड फुगल्याने नव्हे. मेंदू आणि नसा जास्त स्नायुतंतूंना एकदम कामाला जुंपायला शिकतात. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात, कारण ताणाखाली लांबलेल्या तंतूंना बारीक इजा झालेली असते. आठवडाभरात ठणका ओसरतो. तोच व्यायाम पुन्हा केला, तर दुसऱ्या खेपेला बराच कमी दुखतं.